तहान आणि फूल

नीतिविचाराची चर्चा करताना सामान्यतः मोठे प्रसंग डोळ्यांपुढे आणले जातात. कुरुक्षेत्रावरील अर्जुनाचा संभ्रम, दिलेल्या शब्दासाठी राज्यावर पाणी सोडणारा हरिश्चंद्र, विषाचा पेला शांतपणे ओठांना लावणारा सॉक्रेटिस ही अशा चर्चेतील ठरलेली उदाहरणे होत. त्यांची थोरवी निर्विवाद आहे. परंतु त्यांच्यामुळे एक गैरसमजही रूढ होतो. नीतीचा प्रश्न म्हणजे आयुष्यात क्वचित उद्भवणारा, मनुष्याला मुळापासून हलवणारा पेच, असे वाटू लागते. वस्तुतः रोजच्या व्यवहारातील पुष्कळशा क्रिया निर्दोष मानल्या जातात त्या केवळ परिस्थिती अनुकूल असते म्हणून. परिस्थिती पालटली की तीच क्रिया समर्थन मागू लागते. घरापुढच्या फुलझाडांना पाणी घालणे ही अशीच एक क्रिया आहे. तिच्याइतके निष्पाप काम शोधूनही सापडणार नाही. आणि तरीही २०२४ च्या मार्च महिन्यात बेंगळुरू शहरात ते दंडनीय ठरले.

त्या महिन्यात शहराच्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने एक आदेश काढला. वाहने धुणे, बांधकाम, शोभेची कारंजी आणि बागकाम यांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास त्याने मनाई केली. आदेश मोडणाऱ्यास ५,००० रुपये दंड आणि पुन्हा मोडल्यास त्यावर दररोज ५०० रुपये, अशी तरतूद होती. त्याच महिन्यात २२ कुटुंबांकडून असा दंड वसूल झाल्याची वार्ता प्रसिद्ध झाली. आदेशामागची निकड खरी होती. २०२३ चा पावसाळा तुटीचा गेला होता, कर्नाटकातील दोनशेहून अधिक तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले होते, आणि शहरातील सुमारे १४,००० सरकारी कूपनलिकांपैकी जवळजवळ निम्म्या आटल्या होत्या. टँकरचे भाव इतके चढले की जिल्हा प्रशासनाला ते बांधून द्यावे लागले; पाच किलोमीटरच्या आतल्या १२,००० लिटरच्या टँकरला १,००० रुपये असा दर ठरला. शुद्ध पाण्याच्या केंद्रांपुढे रिकामे कॅन घेऊन माणसे रांगेत उभी होती. त्या रांगेतून घरी परतणाऱ्या मनुष्याला वाटेत एखाद्या कुंपणावर टवटवीत जास्वंद दिसली, तर त्याच्या मनात काय येत असेल, हा प्रश्न केवळ कल्पनेचा उरत नाही.

माणसे तहानलेली असताना फुलांना पाणी घालावे काय? या प्रश्नाचे उत्तर इतके उघड वाटते की तो विचारणेही अनेकांना अप्रस्तुत वाटेल. तहान आधी, शोभा नंतर. एवढे म्हटले की विषय संपला. परंतु उघड उत्तरे पुष्कळदा प्रश्नाचा एक भाग सोडवतात आणि उरलेला भाग दृष्टीआड करतात. येथेही तसेच घडते. हा उरलेला भाग कोणता, हे पाहण्यासाठी प्रत्यक्ष बाग, प्रत्यक्ष हवामान आणि प्रत्यक्ष पाणी यांच्यापासूनच आरंभ करणे इष्ट होय.

राजाजीनगर हा बेंगळुरूच्या पश्चिमेकडचा भाग. स्वतंत्र भारताचे पहिले आणि शेवटचे भारतीय गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव धारण करणारे हे उपनगर स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत औद्योगिक वसाहत म्हणून आकाराला आले. मराठी वाचकाला हा परिसर वाटतो तितका परका नाही. लगतच्या मल्लेश्वरम भागातील काडु मल्लेश्वराच्या मंदिराशी शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांच्या १६६९ च्या दानलेखाचा संबंध आहे. काडु म्हणजे रान. ज्या भूमीला रानातल्या महादेवाच्या नावाने ओळखले जात होते तिच्याच शेजारी कारखाने, कामगारांची घरे आणि आखीव रस्ते आले. घरासाठी मिळणारी जागा, तिला येथे मराठी माणूसही साइटच म्हणतो, बहुधा तीस फूट रुंद आणि चाळीस फूट लांब. तेवढ्यात बैठे घर, पुढे थोडे अंगण, अंगणात तुळस, एखादे पारिजातक, कुंपणाला जास्वंद आणि परसात नारळ, अशी जुन्या घरांची ठेवण असे. बेंगळुरूचे मराठी कुटुंब या झाडांना दोन-दोन नावांनी ओळखते. मोगऱ्याच्या टपोऱ्या जातीला दुंडुमल्लिगे, जास्वंदीला दासवाळ, तगरीला नंदिबट्टलु, आणि कोकणातल्या आजीच्या अबोलीला येथे कनकांबर म्हणतात.

पुढे वस्ती दाटली. बैठ्या घरांवर भाडेकरूंसाठी मजले चढले, अंगणातली माती सिमेंटखाली गेली आणि तिथे दुचाकी उभ्या राहिल्या. बाग मात्र नाहीशी झाली नाही. ती जिन्याच्या पायऱ्यांवर, कठड्यावर आणि गच्चीवर चढली. जमिनीतून कुंडीत आली. हा बदल केवळ जागेचा मानला जातो. त्यात एक नैतिक बदलही दडलेला आहे, आणि त्याचा विचार पुढे करावयाचा आहे.

आता हवामान. मराठी वाचकाच्या मनातील ऋतूंची प्रतिमा दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ने (१९५६) घडवलेली आहे. तेथे प्रत्येक महिन्याला स्वतःचे व्यक्तिमत्त्व आहे. बेंगळुरूचा उन्हाळा असा एका स्वभावाचा नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर वसलेल्या या शहरात मार्च ते मे या काळात एकाच दिवसात तीन ऋतू हजेरी लावतात. पहाटे अंगावर पातळ चादर लागते, दुपारी गच्चीवरची फरशी पायाला चटका देते, आणि संध्याकाळी पूर्वेकडून ढग चढून येऊन वळवाचा पाऊस, कधी गारा, कोसळतात. हे वळीव वेळेवर येतील या भरवशावर येथील बागा उभ्या असतात, आणि भरवसा प्रत्येक वर्षी खरा ठरतोच असे नाही. २४ एप्रिल २०१६ रोजी शहरात ३९.२ अंश सेल्सिअस ही आजवरच्या नोंदींतील उच्चांकी उष्णता नोंदवली गेली. २८ एप्रिल २०२४ रोजी पारा ३८.५ अंशांवर गेला, आणि त्या वर्षीचा संपूर्ण एप्रिल शहराच्या वेधशाळेत पावसाच्या थेंबाविना गेला. त्यानंतर अवघ्या पाच आठवड्यांनी, २ जून २०२४ रोजी, एका दिवसात १११ मिलिमीटर पाऊस झाला. जून महिन्यातील एका दिवसाच्या पावसाचा १३३ वर्षांचा विक्रम त्याने मोडला. ज्या कुंड्या एप्रिलमध्ये तहानेने भेगाळल्या त्याच कुंड्यांत जूनमध्ये पाणी तुंबून मुळे कुजू लागली.

अशा हवामानात बागेची निगा राखणे म्हणजे ठरावीक नियम पाळणे नव्हे. कोरड्या उष्ण दिवसांत गुलाबाच्या पानांखाली लाल कोळी जाळे विणतो, तर दोन दिवस पाऊस पडताच त्याच पानांवर बुरशीचे काळे ठिपके उमटतात. एका संकटावरचा उपाय दुसऱ्याला आमंत्रण देतो. मोगऱ्याची तऱ्हा आणखी वेगळी. इतर झाडे ज्या उन्हाने मान टाकतात त्याच उन्हाने मोगरा बहरतो. परंतु हा बहर फुकट येत नाही. थंडी सरता सरता त्याचे पाणी तोडावे लागते, पाने गळू द्यावी लागतात, मग छाटणी करून खत आणि पाणी द्यावे लागते. याला बागाईतदारांच्या भाषेत ताण देणे म्हणतात. ताण हा शब्द आज केवळ मनाच्या त्रासासाठी वापरला जातो. शेतमळ्यात मात्र तो निगेचा एक प्रकार आहे. न देणे हेही देण्याइतकेच जाणतेपणाचे काम असू शकते, ही जाण त्या शब्दात साठवलेली आहे.

मूळ प्रश्नाकडे वळताना पहिली गोष्ट निःसंदिग्धपणे मान्य केली पाहिजे. पाण्यावर पहिला हक्क तहानेचा आहे. मराठी समाजाला हा सिद्धान्त ग्रंथांतून शिकावा लागला नाही. तो त्याने संघर्षातून मिळवला. ज्या घराण्याला पेशवाईत फुलांच्या व्यवसायावरून फुले हे नाव पडले, त्या घराण्यातील जोतीरावांनी १८६८ मध्ये पुण्यातील आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्या अनुयायांनी पाण्याला हात लावला तेव्हा प्रश्न ओंजळभर पाण्याचा नव्हता, माणूस म्हणून गणले जाण्याचा होता. फुलांशी नाव जोडलेल्या माणसाने आपला हौद खुला करावा, यात योगायोग असेल. पण त्या योगायोगाने क्रम मात्र स्पष्ट केला. जिथे कोणाची तहान भागत नाही तिथे फुलांचे कौतुक हे दुसऱ्याच्या अवहेलनेवर उभे राहते.

हा क्रम मान्य केल्यावर काही जण पुढची पायरी लगोलग गाठतात. फूल निरुपयोगी, म्हणून त्याला पाणीच नको. ही उडी तपासून पाहिली पाहिजे. उपयोगाच्या कसोटीवर फूल टिकत नाही हे खरे. कांटने १७९० च्या आपल्या सौंदर्यविषयक ग्रंथात मुक्त सौंदर्याचे पहिले उदाहरण फुलाचेच दिले, ते याच कारणाने. फूल सुंदर वाटण्यासाठी ते कशासाठी आहे हे ठाऊक असावे लागत नाही. परंतु त्याच ग्रंथात त्याने असेही म्हटले आहे की निसर्गातील सौंदर्याविषयी साक्षात आस्था बाळगणे हे सज्जन मनाचे लक्षण होय. मराठी समीक्षेत कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद दीर्घकाळ चालला, रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’ने (१९७४) सौंदर्याच्या स्वायत्ततेचा आणि लौकिक जीवनाशी असलेल्या त्याच्या नात्याचा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पातळीवर नेला. त्या वादाचे एक छोटे रूप राजाजीनगरच्या गच्चीवर पाहावयास मिळते. उपयोग नसलेल्या वस्तूची काळजी घेता येणे ही मनुष्याची चैन आहे की त्याचा विशेष? चैन म्हणावी तर झोपडपट्टीतल्या दारापुढे तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेल्या सदाफुलीचे काय करायचे? टंचाईत जगणाऱ्या माणसानेच ती लावलेली असते. शोभा ही केवळ तृप्त माणसाची गरज आहे, हे मत गरिबाविषयीच्या अज्ञानातून आलेले असते.

तेव्हा फुलाला हक्क आहे, पण पहिला नाही. मग तो कोणत्या पाण्यावर आहे? येथे कालिदासाचे स्मरण उपयोगी पडते. ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकात सासरी निघालेल्या शकुंतलेविषयी कण्व वनातल्या वृक्षांना सांगतो, की तुम्हाला पाजल्यावाचून जी स्वतः पाण्याला स्पर्श करीत नसे, ती आता जात आहे. भारतीय साहित्यातील वृक्षप्रेमाचा हा परमोच्च उद्गार मानला जातो. पण त्याचा दाखला देऊन टंचाईतील बागकामाचे समर्थन करणे चुकीचे ठरेल. शकुंतला जी तहान लांबणीवर टाकते ती तिची स्वतःची आहे. आश्रमाजवळून मालिनी नदी वाहते आहे. तिच्या कलशामुळे दुसऱ्या कोणाचा घडा रिकामा राहत नाही. स्वतःच्या वाट्यातून देणे हे औदार्य, दुसऱ्याच्या वाट्यातून देणे हे अपहरण. दोन्ही कृतींत हात तसाच वाकतो, झारीतून पाणी तसेच पडते; कृती मात्र एक नसते.

आधुनिक नगरात स्वतःचा वाटा कोणता हे सांगणे अवघड झाले आहे, आणि हीच या प्रश्नाची गुंतागुंत. बेंगळुरूला बारमाही नदी नाही. नळाला येणारे कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरील तोरेकाडनहळ्ळीहून, टप्प्याटप्प्याने पंप करून, जवळजवळ ५०० मीटर वर चढवून आणावे लागते. त्या पाण्यावर मंड्याचा ऊस आणि भात आहे, तमिळनाडूचा कालवा आहे. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कावेरी विवादाच्या निकालात कर्नाटकाचा वाटा १४.७५ अब्ज घनफुटांनी वाढवला, त्यांपैकी ४.७५ अब्ज घनफूट बेंगळुरूच्या पिण्यासाठी धरले होते. पाश्चात्त्य विचारात बाग ही बहुधा भिंतीआडची जागा आहे. एपिक्युरसची शाळा अथेन्समध्ये बागेत भरे. व्हॉल्तेरच्या ‘कांदीद’ची (१७५९) अखेर जगाच्या गोंधळातून परत येऊन आपली बाग करण्याच्या निश्चयात होते. जगापासून दूर राहून शांतपणे आपले काम करण्याचे प्रतीक म्हणून बाग पाहण्याची सवय साहित्याने लावली. परंतु राजाजीनगरच्या गच्चीला अशी भिंत घालता येत नाही, कारण नळ ती भिंत फोडून आत येतो. नळ उघडणारा हात नदीच्या पात्रापर्यंत आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या अनोळखी माणसांपर्यंत पोचलेला असतो.

याच ठिकाणी मंडळाच्या आदेशाचे शब्द पुन्हा लक्षपूर्वक वाचावे लागतात. बागेवर बंदी नव्हती. बंदी होती ती बागेसाठी पिण्याचे पाणी वापरण्यावर. प्रशासनाच्या रुक्ष भाषेत एक भेद होता, आणि नैतिक चर्चेत तो सहज निसटतो. पाणी एकजिनसी नाही. कोणाचीही तहान न भागवलेले पहिले पाणी आणि एकदा कोणाच्या उपयोगी पडून झालेले दुसरे पाणी, यांत फरक आहे. तांदूळ-डाळ धुतलेले, भाजी निथळलेले, भांड्याच्या शेवटच्या विसळणीचे, शुद्धीकरणाच्या यंत्राने बाजूला टाकलेले पाणी. घरातली ही सारी पाणी मोरीत जातात. उन्हाच्या दिवसांत दहा इंची कुंडीला साधारण लिटरभर पाणी लागते असे धरले, तर वीस कुंड्यांना वीस लिटर, म्हणजे रांगेत उभे राहून मिळणाऱ्या पाण्याचा एक कॅन. पहिल्या पाण्याने ही बाग भिजवणे म्हणजे रोज एक कॅन फुलांवर ओतणे. पण तेवढेच दुसरे पाणी एका लहान कुटुंबाच्या स्वयंपाकघरातून रोज सहज निघते. फुलाचा हक्क या दुसऱ्या पाण्यावर आहे. तो लहान असला तरी निखळ आहे. त्यात कोणाचेही देणे बुडत नाही.

दुसऱ्या पाण्याची ही वाट सोयीची नाही, हे सांगितले पाहिजे. पाणी साठवण्याला भांडे लागते, ते वाहून नेण्याला श्रम लागतात, आणि जाणकारी लागते. यंत्राने टाकलेल्या पाण्यात क्षार अधिक असतात. ते सतत घातले तर कुंडीच्या कडेवर पांढरा थर धरतो. साबणाचे पाणी मुळांना सोसत नाही. मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन घातले, कुंड्या एकमेकींजवळ दाटीने ठेवल्या, दुपारच्या उन्हाला आडोसा केला, तर मुळात कमी पाणी लागते. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात, माळी नेईल तिकडे निमूटपणे जाणाऱ्या पाण्याचा दृष्टान्त आला आहे. तेथे तो समर्पित भक्तासाठी योजलेला आहे. उलट बाजूने पाहिले तर हाच दृष्टान्त माळ्याविषयी फार काही सांगून जातो. पाणी निवड करीत नाही, म्हणून निवडीचा सारा भार माळ्यावर येतो. पाणी जितके निमूट, तितका माळ्याचा विवेक जागा हवा.

आणि माळी कोण? हा प्रश्न टाळता येत नाही. अनेक घरांत झारी धरणारा हात घरमालकाचा नसतो. सकाळी घरकामाला येणाऱ्या बाईचा असतो. टंचाईच्या दिवसांत तिच्या वस्तीत टँकर कधी येईल याचा नेम नसतो. घरी भरलेला हंडा मोजून वापरणारी बाई दुसऱ्याच्या गच्चीवर गुलाबाच्या आळ्यात पाणी घालते, तेव्हा त्या गुलाबाचा रंग कितीही सुरेख असला तरी त्याच्यातून एक विषमता उमलत असते. बेंगळुरूत तिगळ समाजाने पिढ्यान्‌पिढ्या फुलमळे आणि बागा राखल्या. त्यांच्या धर्मराय स्वामींचा करग चैत्र पौर्णिमेच्या रात्री, ऐन उन्हाळ्यात, मोगऱ्याने मढून शहरातून निघतो. शहराच्या शोभेमागे कोणाचे हात आहेत याची ती वर्षातून एकदा होणारी आठवण आहे. फुलांवर प्रेम करणे आणि ती वाढवणाऱ्या माणसाची तहान न दिसणे, या दोन गोष्टी एका मनात नांदू शकतात. रसिकतेच्या इतिहासात त्या पुष्कळदा नांदल्याही आहेत. म्हणून निसर्गप्रेम हे सज्जनपणाचे लक्षण मानताना कांटच्या विधानाला एक पुस्ती जोडावी लागते. ज्या दृष्टीला फूल दिसते तिला झारी धरणारा हातही दिसला, तरच ते लक्षण खरे.

आता अंगणातून कुंडीत आलेल्या बागेचा विचार. जमिनीतले झाड आपले पाणी आपण शोधते. मुळे खोल जातात, शेजारच्या गटाराच्या ओलाव्यापर्यंत पोचतात. मालक महिनाभर गावाला गेला तरी जुने पारिजातक तग धरते. कुंडीतले झाड असे करू शकत नाही. त्याचे जग दहा इंचांचे आहे, आणि ते तसे कोणीतरी केले आहे. ज्याने झाडाला पाणी शोधण्याच्या शक्यतेपासून तोडले, त्याच्यावर पाणी देण्याचे ऋण आपोआप येते. हे ऋण दयेतून आलेले नाही, कृतीतून आले आहे. एखाद्याला परावलंबी करणारा त्याच्या पोषणाला बांधला जातो. तहानलेल्या माणसाविषयीचे कर्तव्य मात्र कोणत्याही पूर्वकृतीवर अवलंबून नाही. ते माणूस असण्यातूनच येते, म्हणून ते वरचढ ठरते. वरचढ कर्तव्यापुढे दुसरे कर्तव्य बाजूला सरते, पण रद्द होत नाही. मागे एक सल ठेवून जाते. टंचाईत कुंडीतले झाड वाळू देणे योग्य असेल, तरी ते काहीच घडले नाही अशा रीतीने वाळू देणे योग्य नव्हे.

या विचारातून एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. बागेतील खरा नैतिक क्षण एप्रिलच्या दुपारी झारी हातात घेण्याचा नसतो. तो माघ-फाल्गुनात, रोपवाटिकेत नवी रोपे पाहून हात पुढे जातो, तेव्हा येऊन गेलेला असतो. आपल्या घरातून निघणाऱ्या दुसऱ्या पाण्यावर किती झाडे जगतील, याचा हिशेब तेव्हाच करावयाचा असतो. सांभाळता येणार नाहीत इतकी नाती जोडणे हे प्रेमाचे आधिक्य नसून विवेकाची उणीव आहे, ही गोष्ट माणसांच्या बाबतीत जितकी खरी तितकीच झाडांच्या बाबतीत. आठ कुंड्यांची जगलेली बाग ही तीस कुंड्यांच्या वाळलेल्या बागेपेक्षा केवळ सुंदर नव्हे, अधिक प्रामाणिक असते.

तथापि पूर्ण हिशेब करूनही फळाची हमी मिळत नाही, आणि बेंगळुरूचे लहरी हवामान हा धडा पुन्हा पुन्हा देते. दोन महिने दुसरे पाणी घालून जगवलेल्या मोगऱ्याच्या कळ्या एका सायंकाळच्या गारांनी झडतात. अशा वेळी निष्काम कर्माचा उपदेश तोंडावर येतो. परंतु बागेची निगा ही फळाविषयी उदासीन राहून होतच नाही. ज्याला फूल येवो वा न येवो सारखेच, तो पानाखालचा कोळी पाहणार नाही. टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) कर्म सोडण्याऐवजी फलाची आसक्ती सोडण्यावर भर दिला. हा भेद बागेत स्वच्छ दिसतो. फुलाची इच्छा धरावी, तिच्यासाठी झटावे. फूल आले नाही म्हणून झटणे व्यर्थ गेले असे मात्र मानू नये. इच्छा आणि आग्रह यांच्यामधील ही अरुंद वाट चालणे अवघड असते. रोज सकाळी कुंडीपुढे वाकणारा मनुष्य ती नकळत चालत असतो.

वळवाच्या पावसाविषयी जाणत्या माळ्याला ठाऊक असलेली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. फार वाळलेली माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. अशा मातीवर जोराचा पाऊस पडला तर पाणी त्या फटीतून सरळ खाली वाहून जाते. वरचा थर ओला दिसतो, फरशी न्हाऊन निघते, आणि मुळाभोवतीचा गोळा कोरडाच राहतो. वरची दाट पाने छत्रीसारखी आड येतात ती वेगळीच. पाऊस झाला म्हणून निश्चिंत झालेल्याची झाडे दुसऱ्या दिवशीच्या उन्हात माना टाकतात. जाणता माळी आभाळावर विसंबत नाही. मातीत बोट घालून पाहतो. नगराच्या पाण्याविषयीही हेच खरे आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला आणि शहरासाठी दररोज ७७.५ कोटी लिटर वाढीव पाण्याची सोय झाली. हे काम मोठेच आहे. परंतु सरासरीत पडलेला पाऊस आणि मुळापर्यंत पोचलेले पाणी यांतील अंतर सरासरी कधीच सांगत नाही. कोणत्या वस्तीच्या हंड्यात किती पोचले, हे पाहण्यासाठी तेथेही बोट घालूनच पाहावे लागते.

फुलबाग माणसाला चांगले बनवते, असा दावा करण्याचे कारण नाही. सुंदर बागांचे कठोर धनी इतिहासाला पुष्कळ ठाऊक आहेत. बाग एवढेच करू शकते की काही प्रश्न रोजच्या रोज, लहान मापात, हाताशी आणून ठेवते. कोणाला आधी, कोणाला नंतर, कोणते पाणी कोणाचे, किती जोडावे, काय सोडून द्यावे, आणि ओले दिसते ते खरोखर ओले आहे काय. पहिल्या पाण्यावरचा तहानेचा हक्क मान्य करून दुसऱ्या पाण्यावर जगवलेले फूल हे चैनीचे चिन्ह राहत नाही. ते त्या घराने आपल्या गरजा, आपले श्रम आणि शेजाऱ्याची तहान यांचा हिशेब नीट केला असल्याची साक्ष असते. तसा हिशेब न करता फुललेल्या फुलाचाही गंध तितकाच गोड असतो, यात शंका नाही. फुलाला हिशेब कळत नाही. तो कळण्याची जबाबदारी माणसाची आहे.